मागचं डावं दार

१

मिस्त्रींचं नाक गेलं त्याला अकरा वर्षं झाली होती. वरून होतं तसंच होतं, चांगलं धारदार. पण आतून बंद. पस्तीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकायचे, थिनर, रंग, गॅसचा धूर सगळं छातीत ओढायचं, म्हटल्यावर कधी ना कधी हे व्हायचंच. एकदा त्यांच्या शेजारी दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं आणि हे तिथेच बसून पेपर वाचत होते. तेव्हापासून बायको आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या घराला आग लागली तर आधी शेजाऱ्यांना कळेल, मग यांना." मिस्त्री हसायचे. म्हणायचे, "नाक गेलं तर गेलं, कापलं गेलं नाही ना? मग झालं."

धंद्याला नाक लागतही नव्हतं. लागायचा तळहात. सकाळी शटर वर करून, झाडलोट होऊन चहा आला, की आदल्या दिवशी ठोकलेल्या पत्र्यावरून ते डोळे मिटून हात फिरवायचे. डोळ्याला न दिसणारा खोलगट भाग हाताला बरोबर लागायचा.

रंगकाम बायकोचा धाकटा भाऊ करायचा. त्याला सगळे रंगोबा म्हणत. त्याचं नाक म्हणजे तिखट. चार घरं पलीकडे कुणी कांदा चिरला तरी याला कळणार. दोघांचं एकाच गोष्टीवरून रोज वाजायचं. गाडीच्या दाराला आत एक सांगाडा असतो आणि त्यावर बाहेरून एक पत्रा चढवून त्याची कड चारी बाजूंनी दुमडलेली असते. दार चेपलं, गंजलं, की रंगोबा म्हणणार, "भाऊजी, कड कापा, जुना पत्रा ओढून काढा, नवा चढवा. दोन दिवसांत मोकळे." आणि मिस्त्री म्हणणार, "माणसाला खरचटलं म्हणून कुणी त्याचं कातडं सोलत नाही. हळूहळू ठोकलं की पत्रा जागेवर येतो."

बहुतेक वेळा मिस्त्रींचंच खरं व्हायचं.

२

ती गाडी आली ती दुसऱ्या गाडीच्या मागे दोर बांधून. साठ वर्षांपूर्वीची, काळी, चार दारांची, हत्तीसारखी गोल पाठ असलेली. तिच्या मागोमाग रिक्षातून एक बाई उतरल्या. दातांच्या डॉक्टर होत्या.

"तुम्ही डेंटर, मी डेंटिस्ट," त्या हसत म्हणाल्या. "म्हणजे आपण एकाच धंद्यातले."

त्यांच्या वडिलांकडे पूर्वी अशीच गाडी होती. वडील आता शहाऐंशीचे होते, अंथरुणाला खिळल्यासारखेच. कधीतरी शुद्धीत बोलायचे तेव्हा त्या गाडीबद्दलच बोलायचे. बाईंनी सहा महिने शोध घेऊन ही कुठल्याशा बंद शेडमधून मिळवली होती.

"इंजिनाचं नंतर बघू. चालली नाही तरी हरकत नाही. पण बाबांना एकदा मागच्या सीटवर बसवायचंय. दिवस फार नाहीत त्यांचे, मिस्त्री."

तीन दारं ठणठणीत होती. मागचं डावं तेवढं वाईट. खालच्या कडेला गंज, मधे बुजवलेला मोठा खड्डा, वर पुट्टीचे थर आणि त्यावर रंगाचे फुगे.

"पत्रा बदला," रंगोबा म्हणाला.

"आमच्याकडेही हेच भांडण," बाई म्हणाल्या. "दात वाचवायचा की काढून नवा बसवायचा. मी शक्यतो वाचवते."

मिस्त्री खूश झाले. "ऐक," ते मेहुण्याला म्हणाले. "शिकलेली माणसं काय म्हणतात ते ऐक."

३

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दार बिजागऱ्यांवरून सोडवून घोडीवर आडवं ठेवलं आणि पत्तीने जुनी पुट्टी खरवडायला घेतली. वरचा थर खडूसारखा निघाला. त्याखालचा जरा पिवळट. तिसरा थर पत्तीखाली तुटेना. तो भाजलेल्या जागेवरचं कातडं निघतं तसा लांबच लांब सालपटांनी निघाला.

आणि मिस्त्रींना वास आला.

आधी त्यांना कळलंच नाही हे काय होतंय. नाकाच्या मुळाशी गुदगुल्या झाल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांनी! त्यांनी पत्ती खाली ठेवली, मोठा श्वास घेतला आणि तो श्वास अर्ध्यावरच थांबला. गोडसर वास होता. कित्येक दिवस न सोडलेलं बँडेज सोडल्यावर आतून येतो तसा. ओला, कोमट, आणि कसा कोण जाणे, ओळखीचा.

"रंगोबा! इकडे ये. वास बघ याचा."

रंगोबाने दारावर वाकून कुत्र्यासारखं हुंगलं. "पुट्टीचा वास. दुसरं काय?"

"सडका नाही येत?"

"भाऊजी, तुम्हाला येतोय?" रंगोबाचे डोळे मोठे झाले. "तुम्हाला वास येतोय? अहो, मग पेढे... काहीतरी गोड आणतो की!"

मिस्त्रींना गोड हा शब्दही सहन झाला नाही. ते मोरीवर जाऊन भडाभडा ओकले.

४

घरी बायकोला आधी खरंच वाटेना. मग तिने एकेक वस्तू त्यांच्या नाकाशी धरायला सुरुवात केली. साबण, चहाची पूड, लसूण, खोबरेल तेल. मिस्त्री प्रत्येक वेळी मान हलवत होते. काही नाही. काहीच नाही. वास होता तो फक्त त्यांच्या हातांना. रॉकेलने चोळले, लिंबाने चोळले, राखेने घासले. नखांच्या कडा लाल झाल्या तरी तो तिथेच.

"येईल हो हळूहळू," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एक आला म्हणजे बाकीचेही येतील." आणि तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून गालाला लावला.

मिस्त्रींनी हात हिसकावून घेतला. तिचा गाल कोमट होता, मऊ होता, आणि त्या एका क्षणात वास हातातून तिच्या गालावर गेल्यासारखा झाला.

ती बघतच राहिली. "काय झालं?"

"काही नाही. हात घाण आहेत."

"अकरा वर्षं माझा वास आला नाही तोवर जवळ बसत होतात," ती हळूच म्हणाली, "आणि आता यायला लागल्यावर तोंड फिरवताय."

मिस्त्री मोरीवर जाऊन पुन्हा हात घासत बसले. ते जेवलेही नाहीत. घास उचलला की बोटं तोंडाजवळ यायची.

५

नाकाच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नसा मेल्या की कधीकधी मेंदू स्वतःच वास तयार करतो. आणि गंमत म्हणजे तो बहुधा घाणच असतो. अत्तराचा भास कुणाला होत नाही. घाबरू नका."

मिस्त्रींना हायसं वाटलं. डोक्यातला वास होता म्हणजे दारातला नव्हता. त्याच समाधानात ते वर्कशॉपला आले तर दारावर माश्या बसल्या होत्या. शेजारी साखरेच्या चहाचा उष्टा ग्लास होता. त्याच्यावर एकही नाही. सगळ्या दारावर, पुट्टी खरवडलेल्या जागेवर, दाटीवाटीने, पाय चोळत.

"माश्यांनाही भास होतात का रे?" मिस्त्रींनी विचारलं.

रंगोबाने फडकं झटकलं. माश्या उडाल्या आणि परत बसल्या. "जुन्या पुट्टीत माशाचं तेल घालायचे म्हणतात," तो म्हणाला. पण तो नजरेला नजर देत नव्हता.

मिस्त्री खरवडत राहिले. खड्डा दोन बोटं खोल असेल नसेल, पण त्यातून निघालेल्या पुट्टीने एक बादली भरली. मग दुसरी. तिसरी अर्धी झाली तेव्हा ते थांबले. त्यांनी दाराची जाडी मापली, बादल्यांकडे बघितलं, परत मापली. हिशेब लागेना. आणि सकाळी जिथे त्यांनी लोखंडापर्यंत साफ केलं होतं, तिथे आता पुन्हा पातळ, ओलसर साय धरली होती.

दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती बुजलेली होती. माती असेल म्हणून मिस्त्रींनी तार घातली. तार मातीत जाते तशी करकरत गेली नाही. ती अलगद गेली, आतून कुणीतरी ओठांत धरावी तशी. बाहेर काढली तेव्हा टोकाला पिवळट थेंब लोंबत होता. तो फरशीवर पडला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"गंजाचं पाणी," रंगोबा म्हणाला.

"गंजाचं पाणी तांबडं असतं."

मग मिस्त्री म्हणाले, "ग्राइंडर आण. पत्रा बदलू."

पस्तीस वर्षांत ते पहिल्यांदा आपण होऊन असं म्हणाले होते. रंगोबाने चेष्टा केली नाही.

६

कड घासायला तासभर लागला. कड झिजली की दुमड सुटते आणि पत्रा सांगाड्यापासून मोकळा होतो. एरवी तो खणकन उचकटून येतो. मिस्त्रींनी छिन्नी घालून एका कोपऱ्यातून पत्रा उचलला तेव्हा आवाज आला तो घामेजलेल्या अंगावरून चिकटपट्टी ओढल्यासारखा. सावकाश, चर्रर्र करत. मधे मधे अडकत. पण आता सोडून चालणार नव्हतं. दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढलं आणि पत्रा उलटा होऊन फरशीवर पडला.

आतल्या बाजूला बोटभर जाडीचा एक थर होता. फिकट, दाणेदार. त्यावर बारीक केस होते.

"केसांची गादी आहे," रंगोबा घाईघाईने म्हणाला. "पूर्वी आवाज दाबायला लावायचे. जनावरांच्या केसांची. मी पाहिलीये."

मिस्त्रींनीही पाहिली होती. असल्या गाड्यांत असायचीच. अगदी खरं होतं ते. पण गादीचे केस गुंतलेले असतात, नारळाच्या काथ्यासारखे. हे एकेक होते. एकाच दिशेला झोपलेले. शटरमधून वाऱ्याची झुळूक आली आणि केसांच्या मुळाशी बारीक बारीक पुळ्या उठल्या. केस उभे राहिले. मग झुळूक गेली आणि ते परत निजले.

"पाहिलंस?"

"काय?" रंगोबा म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून सिगरेट पेटवत होता. तीन काड्या गेल्या तरी पेटली नाही.

संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा मिस्त्रींनी तो पत्रा पोत्यात गुंडाळून देऊन टाकला. सांगाडा दोघांनी वाळूच्या फवाऱ्याने पार पांढराफटक केला. नव्या पत्र्याला आतून रंगोबाने स्वतः तांबडा प्रायमर मारला, दोन हात. मग मिस्त्रींनी पत्रा चढवून कड इंचाइंचाने ठोकत दुमडली. काम असं झालं की डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे खोट लागेना. बोटाने वाजवलं तर दार डब्यासारखं वाजलं, स्वच्छ, पोकळ.

वास गेला होता. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री जेवताना बायकोच्या शेजारी बसले. तिने ताट थोडं त्यांच्याकडे सरकवलं.

७

गाडी पोचवली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या वडिलांना दोघांनी उचलून मागच्या सीटवर ठेवलं होतं. म्हातारबाबा कापसाएवढे हलके होते. त्यांनी डाव्या दाराला टेकून डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मिस्त्रींनाही भरून आलं.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला.

"डावं दार उघडत नाहीये. येऊन बघता का?"

दुपारची वेळ होती. गाडी घराच्या पडवीत उभी होती, आत म्हातारबाबा.

"रोज बसतात," बाई म्हणाल्या. "आधी तासभर बसायचे. आता उठायचं नावच घेत नाहीत. जेवणही तिथेच. पण बघा ना, किती शांत झालेत. रंग बघा चेहऱ्यावरचा."

मिस्त्रींनी सवयीने बोटाने दार वाजवलं. आवाज आला नाही. भरलेल्या पोत्यावर टिचकी मारावी तसं वाटलं, बस्स.

त्यांनी खाली वाकून बघितलं. तळाची भोकं बुजली होती.

ते उजव्या दाराने आत शिरले आणि तो वास दोन्ही हातांनी तोंड दाबावं तसा अंगावर आला. म्हातारबाबांनी अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला होता. उघडा डावा दंड दाराच्या अस्तराला टेकलेला. टेकलेला म्हणजे, दंड कुठे संपतो आणि अस्तर कुठे सुरू होतं, ती रेघ मिस्त्रींना शोधून सापडेना. त्यांनी दोनदा बघितलं. मग परत बघण्याची हिंमत झाली नाही.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. नजर अगदी स्वच्छ होती.

"ऊब आहे हो," ते कुजबुजले. "आता सोलू नका."

मिस्त्री मागच्या मागे बाहेर आले. बाई सरबताचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. "काय म्हणता? ठोकून निघेल, की पत्रा बदलायचा?"

"बाई, डॉक्टरला बोलवा."

"मी डॉक्टरच आहे."

"दातांच्या नव्हे. मोठ्या. त्यांना हलवू नका, तसेच राहू द्या, आधी डॉक्टर..."

पण शहाऐंशी वर्षांच्या बापाबद्दल कुणी असं बोललं तर लेक काय तिथे उभी राहील? ग्लास तिथेच टाकून त्या आत शिरल्या. "बाबा! काय होतंय, बाबा?" आणि त्यांनी खांद्याला धरून वडिलांना आपल्याकडे ओढलं.

मिस्त्रींनी कान झाकले. तरी तो आवाज त्यांना ऐकू आला. सावकाश, मधे मधे अडकत.

८

इस्पितळात सांगितलं की एकाच जागी पडून राहिल्याने होतात तशा जखमा आहेत, म्हाताऱ्या माणसांची त्वचा कागदासारखी असते, घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं. बाईंनी ते स्वतःला फार लावून घेतलं. चार दिवसांनी त्यांनी गाडी परत वर्कशॉपला पाठवली. अस्तराला डाग पडलाय, तेवढं बदलून द्या, असा निरोप होता.

मिस्त्री त्या गाडीला हात लावायला तयार नव्हते. शेवटी रंगोबानेच पेचकस घेतला. "भाऊजी, आतून प्रायमर मी मारलाय. माझ्या हाताने. काही नसणार आत, उगाच मनाला लावून घेऊ नका."

त्याने स्क्रू काढले आणि अस्तर बाजूला केलं. सांगाड्यातल्या मोठ्या चौकोनी भोकांतून बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू दिसते. रंगोबाने बॅटरी लावून आत बघितलं. मग त्याने बॅटरी टाकली, हाताने नाक घट्ट दाबलं आणि पळत जाऊन मोरीवर वाकला. त्याला तो वास आला होता. पहिल्यांदाच.

मिस्त्री तोंडावर फडकं धरून पुढे झाले. जमिनीवरून बॅटरी उचलली.

तांबडा प्रायमर कुठेच दिसत नव्हता. फिकट, सुरकुतलेला, पातळ थर होता पत्राभर. त्याच्या मधोमध, पैशाएवढ्या दोन गोल खुणा. जुन्या पिढीतल्या सगळ्यांच्या दंडावर असतात तशा, देवीच्या लसीच्या.

गाडीशेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. एका हातात बॅटरी होती, त्यामुळे घेताना मिस्त्रींचं बोट स्पीकरवर लागलं आणि बाईंचा आवाज सगळ्या वर्कशॉपभर घुमला.

"मिस्त्री, झालं का काम? बाबा जरा बरे आहेत. सारखा एकच धोशा लावलाय, गाडी कधी येणार. थांबा, त्यांच्याशीच बोला."

खरखर झाली. मग म्हाताऱ्याचा क्षीण आवाज आला. "हॅलो? ऐकू येतंय का?"

बॅटरीच्या उजेडात, दाराच्या आत, त्या दोन खुणांच्या भोवती बारीक बारीक काटा उठला. एकेक केस उभा राहिला.

"येतंय ना ऐकू?" म्हातारा म्हणाला. तो मिस्त्रींशी बोलत नव्हता.

रंगोबाने धावत येऊन फोन हिसकावला आणि बंद केला.